डिकीतला फ्रीज आणि बॅटरीपासूनची सहा मीटर वायर

बारा व्होल्टवर चालणारा ३५ ते ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज गाडीसाठी घ्यावा का, याचं उत्तर सरळ आहे: घ्या. खोक्यातून जो फ्रीज बाहेर येतो तो कामाचा असतो. पण त्याच खोक्यात लायटर सॉकेटला लावायची जी बारीक केबल येते, तिच्या भरवशावर मे महिन्यात इंदूर सोडू नका. 'मध्येच बंद पडतो', 'ई-वन दाखवतो' (म्हणजे व्होल्टेज कमी असल्याचा कोड), 'सकाळी सेल्फच लागला नाही' या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बॅटरी ते फ्रीज या पाच-सहा मीटरच्या रस्त्यात सापडतं. म्हणून इथे फ्रीजबद्दल थोडं आणि त्याला पोसणाऱ्या वायरीबद्दल बरंच लिहिलं आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण दुकानात दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात आणि दोन्हींना 'कार फ्रीज' म्हणूनच विकलं जातं. स्वस्त, हलका, आत पंखा असलेला डबा हा पेल्टिअर पद्धतीचा कूलर असतो. तो बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १८ ते २० अंश खाली जातो, बस. बाहेर ४२ असेल तर आत २२-२४. त्यात दूध टिकत नाही. वर तो न थांबता चार-पाच अँपिअर ओढतो, कारण त्याला 'आता पुरेसं गार झालं' अशी अवस्थाच येत नाही. कॉम्प्रेसरवाला फ्रीज घरच्या फ्रीजसारखा चालतो: थंड करतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

फ्रीज घेताना खालची पट्टी वाचा. त्यावर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत आणि 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याकडे 'टी' सोडून दुसरं काही घेऊ नये. इंदूर पठारावर आहे म्हणून एक वेळ निभावेल, पण मानपूरचा किंवा भेरूघाटचा उतार संपवून निमाडात उतरलात की उन्हाळ्यात पारा आणखी चढतो. महेश्वर, मंडलेश्वर, खरगोन, सेंधवा या पट्ट्यात ३८ अंशांचा फ्रीज दिवसभर धापा टाकतो आणि बॅटरी खातो.

बाकी यंत्राबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. चाळीस लिटरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४५ ते ६० वॉट घेतो. घाटातल्या वळणांचा, खड्ड्यांचा त्याला त्रास होत नाही. बहुतेक फ्रीज ३० अंशांपर्यंत तिरपे झाले तरी चालतात. १२ आणि २४ व्होल्ट आपोआप ओळखतात, त्यामुळे तोच फ्रीज ट्रकमध्येही चालतो. झाकणाचं रबर मात्र विकत घेतानाच तपासा: कागदाची पट्टी झाकणात धरून ओढायची, चारही बाजूंनी अडकली पाहिजे. एका कोपऱ्यातून सहज निघून आली तर तिथून रात्रंदिवस गरम हवा आत जाणार. मोबाइल ॲप असतं, ते चालतंही, पण त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. पॅनलवर बॅटरीचा व्होल्टेज दिसतो का, हे त्यापेक्षा दहापट महत्त्वाचं आहे.

आता विजेच्या खर्चाचा हिशेब. ४५ वॉट म्हणजे साडेबारा व्होल्टला ३.६ अँपिअर. बाहेर २८-३० अंश असताना आधीच गार केलेला, भरलेला फ्रीज तासातली साधारण २० मिनिटं चालतो. म्हणजे दहा तासांच्या रात्रीत १२-१३ अँपिअर-तास. भर उन्हात सावली नसलेल्या जागी काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत मात्र आतलं तापमान ५५-६० पर्यंत जातं आणि तिथे कॉम्प्रेसर थांबतच नाही. मांडूला जहाज महालापाशी अकरा वाजता गाडी लावली आणि पाचला परत आलात, तर सहा तासांत २२ अँपिअर-तास गेले. मधल्या आकाराच्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. तीही नवी असताना. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीत त्यातलं बरंच कमी झालेलं असतं. म्हणजे एका दुपारीच अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी होऊ शकते, आणि इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली शिशाची बॅटरी अर्ध्याखाली पुन्हा पुन्हा नेली की तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती कायमची कमजोर होते.

गाडी चालू असताना काही प्रश्न नाही. इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला पाच अँपिअर म्हणजे हेडलाइटपेक्षाही कमी भार. सेंधवा-धुळे मार्गे पुण्याला जाताना फ्रीज वाटेत सतत चालला तरी बॅटरीला कळत नाही. प्रश्न असतो तो थांब्याचा.

बॅटरी किती उरली हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो, पण गाडी बंद करून निदान दोन-तीन तास झालेले हवेत आणि फ्रीजही त्या वेळी बंद हवा. मग १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फुगलेला येतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

या आकड्यांमधलं अंतर किती कमी आहे ते बघा. पूर्ण आणि अर्धी यांच्यात जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक. आणि खोक्यातली केबल एकटीच त्याहून जास्त खाते. गाडीच्या सॉकेटपर्यंतची वायर आणि फ्रीजची केबल मिळून एका बाजूने सहा मीटर धरा, जाडी दीड स्क्वेअर एमएम. जाऊन-येऊन बारा मीटर. तांब्याचा रोध मीटरला, एका स्क्वेअर एमएमला, ०.०१७५ ओहम. म्हणजे एकूण ०.१४ ओहम. पाच अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण जास्त ओढतो. तिथे दहा अँपिअर धरले तर १.४ व्होल्ट गेले. वायर तापलेल्या गालिच्याखालून जात असेल तर रोध आणखी १५ टक्के वाढतो. यात लायटर सॉकेटच्या स्प्रिंगचा संपर्क धरलेला नाही, आणि तो या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा आहे: खड्ड्यांनी प्लग सैल होतो, टोक तापतं, प्लास्टिक मऊ पडतं, मग संपर्क आणखी सैल. अर्धा तास चालल्यावर प्लगला हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर तिथे वीज जळते आहे.

सॉकेटवर '१२ व्होल्ट १२० वॉट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहा अँपिअर. त्याचा फ्यूज उडतो म्हणून तिथे मोठा फ्यूज बसवणारे लोक आहेत. असं कधीही करू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर वितळते.

इथून पुढे जे घडतं ते नेहमीचं आहे आणि समजून घेण्यासारखं आहे. फ्रीजला बॅटरी वाचवण्याची सोय असते, तिच्या तीन पातळ्या: एच, एम आणि एल. आकडे कंपनीनुसार बदलतात, पण साधारण एच म्हणजे ११.१ ते ११.८ ला बंद, एम म्हणजे १०.१ ते ११.४ ला, आणि एल म्हणजे ८.५ ते १०.१ ला. हा व्होल्टेज फ्रीज स्वतःच्या टोकाला मोजतो, बॅटरीच्या टोकाला नाही. त्याला वाटेतली वायर दिसत नाही. बॅटरी पाऊण भरलेली आहे, भाराखाली १२.३ दाखवते आहे, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी फ्रीजपाशी १०.९ पोचतात. फ्रीज समजतो बॅटरी संपली, आणि बंद पडतो. पॅनलवर ई-वन. मालक वैतागतो, कुणीतरी सांगतं 'एलवर टाका', आणि तो टाकतो. फ्रीज लगेच चालू होतो, सगळे खूश. आता मात्र बॅटरीला खरंच कुणी वाचवत नाही. रात्रभरात ती साडेदहापर्यंत जाते आणि सकाळी सेल्फ टिकटिक करतो.

एलवर टाकण्याचा हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात जास्त बॅटऱ्या त्यानेच मेल्या आहेत. ज्या बॅटरीवर गाडी सुरू करायची आहे तिला फ्रीज लावला असेल तर पातळी एचच हवी. एचवर चालत नसेल तर वायर बदला.

बदलायची म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढायची. इंदुरात कुठलाही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम अर्ध्या दिवसात करतो, पण सामान तुम्ही निवडून द्या, कारण त्याच्याकडे जे पडलेलं असेल ते तो लावेल. वायर सहा स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची, लवचिक. नावाजलेल्या कॉम्प्रेसरांच्या माहितीपत्रकात १२ व्होल्टसाठी दिलेला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: अडीच स्क्वेअर एमएम अडीच मीटरपर्यंत, चार असेल तर चार मीटर, सहा असेल तर सहा मीटर, दहा असेल तर दहा मीटर. हॅचबॅकमध्ये बॅटरी ते डिकी पाच मीटर पुरतात, लांब एसयूव्हीत सहा-साडेसहा लागतात. सहा मीटरला सहा स्क्वेअर एमएम वापरली की मघाचा ०.७ व्होल्टचा तोटा ०.१८ वर येतो, आणि सुरू होतानाचा १.४ चा ०.३५ वर. तोच फ्रीज, तीच बॅटरी, आणि ई-वन गायब.

महारानी रोडला विजेच्या सामानाच्या दुकानांत सहा स्क्वेअर एमएमची वायर मीटरवर मिळते, पण ती घरातल्या भिंतीसाठीची असते. तिचं आवरण साधारण ७० अंशांचं. बॉनेटखाली मे महिन्यात त्याहून जास्त तापतं. गाडीसाठीची १०५ अंशांची वायर मागा. तीच संपूर्ण लांबीला घ्या. ती नाहीच मिळाली तर घरगुती वायर फक्त केबिनमध्ये चालेल, बॉनेटखाली नको. आणि विकत घेण्याआधी टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दिसायला जाड, पण रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यात, काही महिन्यांत सैल होतं. घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर, त्यापुढे नाही. फ्रीजपाशी फ्यूज बसवून उपयोग नाही. वायर मध्ये कुठे पत्र्याला घासली तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा तुकडा उघडाच राहतो आणि बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. एकट्या फ्रीजसाठी १५ अँपिअरचा फ्यूज, झाकणाच्या, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये. काचेच्या नळीचा फ्यूज गाडीत नको. हादऱ्यांनी त्याचे संपर्क सैल होतात.

लग दाबण्याचं काम पकडीने करू देऊ नका. षटकोनी दाब देणारं क्रिंपिंगचं हत्यार हवं. दाबल्यावर वायर एका हातात, लग दुसऱ्या हातात धरून जोरात ओढायचं. हलता कामा नये. काही जण लगवर डाख ओततात आणि काम पक्कं झालं समजतात. गाडीत ते उलटं पडतं: कथील तारांमधून वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या जागी तुटते. नीट दाबलेला लग आणि वर गोंदाची उष्णतेने आकसणारी नळी, एवढं पुरे.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, वायर आत आणताना भोकाला आधीच बसवलेल्या रबरी कडीतून, म्हणजे ग्रोमेटमधूनच काढा. नवीन भोक पाडलंच तर त्याला रंग लावून ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्याच्या काठावरून गेलेली वायर आज ना उद्या कापली जाते. बॉनेटखाली पूर्ण लांबीला नालीदार नळी घाला आणि एक्झॉस्टपासून दूर ठेवा. आत दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकखालून मागे न्या. तिथे पिवळ्या आवरणातली वायर दिसली तर ती एअरबॅगची आहे: तिला बांधू नका, तिच्यावर दाब येऊ देऊ नका. सीटच्या रुळांपाशी वायर मोकळी राहिली नाही ना, हे सीट पुढे-मागे करून बघा.

निगेटिव्हसाठी दोन मार्ग आहेत. मागे डिकीपाशी बॉडीच्या जाड बोल्टला अर्थ देता येतो. रंग खरवडून, चकचकीत धातूवर लग बसवून, वर ग्रीस. गाडीचा सांगाडा तांब्याच्या वायरीहून चांगला वाहक ठरतो, त्यामुळे तोटा जवळजवळ निम्मा होतो. किंवा काळी वायरही पुढपर्यंत न्यायची. नेली तर ती बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला थेट जोडू नका. नव्या गाड्यांत त्या टोकावर एक चौकोनी सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारी वीज मोजतो. त्याला वगळून जोडणी केली तर गाडीच्या संगणकाला फ्रीजने घेतलेला हिस्सा दिसतच नाही आणि तो बॅटरी भरलेली समजत राहतो. काळी वायर सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या अर्थ बोल्टवर लावा.

डिकीत टोकाला लायटर सॉकेट पुन्हा बसवू नका. ५० अँपिअरचा करडा अँडरसन कनेक्टर बसवा, फ्रीजच्या केबलचा लायटर प्लग कापून तिथे जोडीदार लावा, आणि ती केबलही दीड मीटरपेक्षा लांब ठेवू नका. अँडरसन घट्ट बसतो, उलटा लागत नाही, तापत नाही. केबल कापल्याने फ्रीजच्या वॉरंटीवर कंपनी बोट ठेवू शकते. ती काळजी असेल तर त्या मॉडेलची जादा केबल विकत घ्या आणि ती कापा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला कुठेही जोड देऊ नका. स्वतंत्र लाइन बॅटरीच्या टोकावरून निघाली, स्वतःच्या फ्यूजसकट, तर ती अर्ध्या तासात काढताही येते.

काम झालं की तपासणी. फ्रीज कमाल थंडीवर लावा, म्हणजे कॉम्प्रेसर सतत चालेल. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, लगेच अँडरसनपाशी मोजा. दोन्हींत ०.३ च्या आत फरक असेल तर काम चोख. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक असेल तर एखादा जोड कच्चा आहे. एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटर लावत जा, सापडतो. बॅटरीवरचाच आकडा कोसळत असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे, वायरीचा दोष नाही. प्रवाह मोजायचा असेल तर डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात.

एवढ्यावर एका रात्रीचा मुक्काम निभावतो, दुसऱ्या दिवशी दोन-एक तास गाडी चालणार असेल तर. अर्ध्या तासाच्या फेरीने बॅटरी पूर्ण भरते हा गैरसमज आहे. शेवटचा पाचवा हिस्सा भरताना शिशाची बॅटरी फार हळू घेते.

हनुवंतियाला नर्मदेकाठी दोन-तीन दिवस गाडी एका जागी उभी करायची असेल तर मात्र दुसरी बॅटरी लागते, आणि इथे लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. १२ व्होल्टवरून इन्व्हर्टरने २२० करायचे, मग फ्रीजच्या अडॅप्टरने त्याचे पुन्हा १२ करायचे, हा द्राविडी प्राणायाम नको. दोन्ही रूपांतरांत मिळून पाचवा हिस्सा सहज वाया जातो आणि इन्व्हर्टर रिकामा असतानाही वीज खातो.

जुन्या गाडीत, जिथे अल्टरनेटर सतत १४ च्या आसपास देतो, तिथे व्होल्टेज ओळखणारा रिले पुरतो. तो साधारण १३.३ ला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ ला तोडतो. नव्या गाड्यांत, विशेषतः स्मार्ट हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्यांत, संगणक इंधन वाचवायला अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तिथे रिले दिवसभर जोड-तोड करत बसतो आणि दुसरी बॅटरी अर्धीच राहते. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जर लागतोच, म्हणजे गाडीचा व्होल्टेज खाली आला तरी दुसऱ्या बॅटरीला हवा तेवढा देणारा. २० अँपिअरचा पुरे, त्याला वायर दहा स्क्वेअर एमएमची, आणि दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. लिथियम फॉस्फेट बॅटरी घेणार असाल तर जुन्या गाडीतही रिलेवर जाऊ नका. ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास. दिवस-रात्र मिळून सरासरी २७ वॉट घेणारा फ्रीज तिच्यावर ४० तासांवर चालतो. तिला बॉनेटखाली ठेवू नका, केबिनमध्येच हवी.

तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि आउटपुट एकाच खोक्यात, हा सोपा मार्ग आहे आणि ज्यांना गाडीला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी योग्यही. ५०० वॉट-तासांचं पंधरा-एक तास पुरतं. पण दोन गोष्टी खरेदीपूर्वी विचारा. पहिली, डीसी आउटपुट कमी भारावर आपोआप बंद होतं का, आणि ती सोय बंद करता येते का. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबला की भार जवळजवळ शून्य होतो, पॉवर स्टेशनला वाटतं काही जोडलेलंच नाही, ते आउटपुट तोडतं, आणि पुन्हा जोडायला कुणी नसतं. सकाळी पॉवर स्टेशन भरलेलं आणि फ्रीज कोमट. दुसरी, किती तापमानापर्यंत चार्ज होतं. बरीचशी ४० ते ४५ अंशांवर चार्ज घेणं थांबवतात. मे महिन्यात डिकीत ठेवलेलं स्टेशन गाडी चालू असूनही भरत नाही, त्याचं कारण हेच. ते पुढे, एसीच्या झोतात ठेवा. लायटर सॉकेटमधून ते शंभर-सव्वाशे वॉटच घेतं, म्हणजे पूर्ण भरायला पाच तास धरून चला.

वापरताना सगळ्यात मोठी बचत घरीच होते. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या विजेवर लावा, सामानही गारच भरा, रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या घाला. गरम फ्रीजमध्ये गरम सामान भरून गाडीच्या बॅटरीवर गार करायला गेलात तर पहिल्या तीन-चार तासांतच रात्रीएवढी वीज जाते. डिकीत जाळीच्या बाजूला दहा सेंटिमीटर जागा मोकळी हवी. तिथे सतरंजी किंवा बॅग टेकली की गरम हवा तिथेच फिरते आणि ई-फाइव्ह येतो, म्हणजे आतला नियंत्रक तापला. दुपारी गाडी सावलीत, समोरच्या काचेला परावर्तक पडदा, काचा बोटभर उघड्या. फ्रीजवर कंपनीचं जाड आवरण असेल तर घाला, जाळ्या उघड्या ठेवून.

तापमान चारवर ठेवा. इंदूरच्या सराफ्यातली रबडी, शिकंजी, चक्का, पुण्याहून येताना आणलेले आंबे या सगळ्याला चार अंश पुरतात. इन्सुलिन असेल तर पाचवर. ते २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे आणि गोठलं तर फेकून द्यावं लागतं. फ्रीजच्या भिंती पॅनलवरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच गार असतात. इन्सुलिनची डबी टोपलीत, भिंतीपासून दूर, वरच्या अंगाला ठेवा आणि शेजारी वेगळा थर्मामीटर टाका.

बाकीचे कोडही पाठ असू द्या: ई-टू म्हणजे पंखा अडकला, बहुधा धुळीने, ब्रशने साफ करा. ई-थ्री म्हणजे कॉम्प्रेसर सुरू होताना अडतो आहे: फ्रीज अर्धा तास बंद ठेवा. आडवा करून आणला असेल तर निदान सहा तास सरळ उभा ठेवून मगच लावा. ई-फोर म्हणजे ठरलेला वेग गाठता येत नाही, बहुतेकदा आत खूप गरम सामान भरल्याने.

पावसाळ्यात फ्रीज ठेवून देताना आत पुसून, झाकणाच्या फटीत कापडाची घडी घालून ठेवा, नाहीतर महिनाभरात रबरावर बुरशी येते. अँडरसनच्या तोंडाला टोपी लावा आणि बॉनेटखालचा फ्यूज काढून होल्डरलाच टेपने चिकटवून ठेवा, पुढच्या सफरीआधी शोधावा लागणार नाही.